सेनापतीचा रोल

माझ्या बाबांनी देवाजीकाकांचा रोल चोरला होता.

आज सकाळी देवाजीकाका गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. बाबा तर केव्हाचेच गेले. आता लिहायला हरकत नाही.

पन्नासच्या दशकाचा शेवट. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, आमचं वैनगंगेकाठचं गाव चांदा जिल्ह्यात होतं. मी नऊ वर्षांची.

धान कापून झालं की गावात शंकरपट व्हायचा. दिवसा बैल धावायचे आणि मग नाटक, पार उजाडेपर्यंत.

त्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी एक जुनं शोकांत नाटक बसवायला घेतलं. राजाचा विश्वासू सेनापती गादीसाठी राजाला मारतो. गादी मिळते, पण झोप जाते. शेवटच्या अंकात तो भर दरबारात स्वतःच सगळं कबूल करतो.

सेनापती होते देवाजीकाका. वय पंचविशीच्या आत, आवाज असा की माईकची गरज नाही.

बाबा त्यांच्यापेक्षा मोठे. त्यांना प्रधानाचा रोल होता, सगळे मिळून आठ-दहा डायलॉग. पण सेनापतीचे सगळे डायलॉग बाबांना पाठ होते. बैल धुताना म्हणायचे, मी ऐकलेत.

नाटकाला नऊ दिवस राहिले आणि काकांना निरोप आला. बायको माहेरी, नदीपलीकडे, बाळंतपणाला अडली होती. काका निघता निघता आमच्या दारात आले.

"भाऊ, मास्तरले सांगजो. गुरुवारी येतोच मी. पाठ आहे माह्यं सगळं."

बाबा "हो" म्हणाले. मी ओसरीवरच होते.

बाबांनी मास्तरांना सांगितलं, "देवाजी म्हणते, यंदा जमत नाई."

मास्तर डोकं धरून बसले. मग विचारलं, "तुले येते का सेनापती?"

"येते."

एवढंच. एका वाक्याचं काम.

गुरुवारी काका खरंच आले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. गूळ वाटत थेट प्रॅक्टिसला गेले. सेनापतीच्या जागी बाबा उभे.

मास्तर रागातच होते. "तुह्यासाठी नाटक थांबते का गा?"

काकांना वाटलं, चार दिवस गेलो म्हणून काढलं. मानी माणूस. काही विचारलं नाही, तसेच परत फिरले.

बाबा तिथंच होते. गप्प राहिले.

नाटक तुफान चाललं. शेवटच्या अंकात बाबा असे रडले की समोर बसलेल्या बायाही रडल्या. पुढच्या दोन हिवाळ्यांत आजूबाजूच्या गावांतून बोलावणी आली. बाजारात लोक बाबांना सेनापती म्हणू लागले.

घरी मात्र बाबा बोलायचे कमी झाले. काकांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून शेतात लांबच्या वाटेनं जायचे. आईनं का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिकडं चिखल आहे." उन्हाळ्यातही.

तिसऱ्या वर्षी काका पहिल्यांदा नाटक बघायला आले. पुढेच बसले, मांडीवर मुलगी. सकाळी नाटक सुटल्यावर मागं आले. आई आणि मी तिथंच होतो. बाबांचा अर्धा रंग पुसायचा राहिला होता.

काका म्हणाले, "भाऊ, मास्तरनं बरोबर केलं. मले असं नसतं जमलं."

बाबा खाली बसले.

"देवाजी, मास्तरनं नाई. म्याच सांगतलं, तू येत नाई म्हणून. तुहा निरोप म्या दिलाच नाई."

काकांनी मुलीला उचललं आणि गेले.

वर्षभर बोलले नाहीत. समोरून आले तरी नाही.

दिवाळीनंतर प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा बाबांनी सगळ्या मंडळींसमोर मास्तरांना खरं सांगितलं. लोक नाही नाही ते बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मास्तर स्वतः काकांच्या घरी गेले आणि रोल त्यांना दिला.

काकांनी तो केला. आवाज तोच, सगळं पाठ. पण शेवटच्या अंकात लोक नुसते बसून होते. कोणी रडलं नाही.

प्रॉम्प्टिंगला विंगेत बाबा होते. काका आत आले आणि वर्षभरानं पहिल्यांदा बाबांशी बोलले.

"मले रडूच येत नाई गा, भाऊ. म्या कोणाचं काही घेतलंच नाई."

पुढच्या वर्षी ते रोल परत द्यायला निघाले. बाबांनी घेतला नाही. तोंडाला रंग म्हणून पुन्हा लावला नाही. काका स्टेजवर आणि बाबा विंगेत, अशी कितीतरी वर्षं गेली.

बाबा गेले तेव्हा पहिला खांदा काकांचा होता.

मागच्या उन्हाळ्यात मी गावी गेले होते. काकांना ऐकू कमी यायचं. जवळ बसून विचारलं, "काका, बाबांना तुम्ही खरंच माफ केलं होतं?"



"माफ नाई केलं, बाई. पण त्याच्याबिगर करमत नव्हतं."

देवाजीकाका, तुमच्या पायाशी माझा नमस्कार. सुखानं जा.