पैठणकडे कललेली बरणी

आमच्या घरमालकीणबाई भट्टी लावतात, हे मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो आणि दुपारच्या आत दोन सहकाऱ्यांनी मला कोपऱ्यात घेऊन ‘आपली काही सोय होईल का’ असं विचारलं. भट्टी मातीची भांडी भाजायची होती. विजेवर चालणारी, सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली. पण ती चालू झाली की गल्लीतले दिवे मंदावत, म्हणून मावशी कठड्याशी उभ्या राहून खणखणीत आवाजात सगळ्यांना आधीच सांगत, "आज भट्टी लावलीय हो! सकाळी माल निघंल! ज्याला बघायचाय त्यानं वर यावं!" गल्लीत नवीन आलेल्या माणसाचा यावर काय समज व्हायचा, ते सांगायला नको. भट्टीमावशी हे नाव त्यांना असंच चिकटलं आणि त्यांनीही ते आनंदाने घेतलं.

एकदा कोणीतरी तक्रार केली आणि खरोखरीच हवालदार आला. मावशींनी त्याला गच्चीवर नेऊन भट्टीचं दार उघडून दाखवलं. आत काही मग होते आणि एक बरणी. हवालदाराचा चेहरा पडला. मावशींनी त्यातल्याच एका मगात त्याला चहा पाजला आणि निघताना मग धुऊन त्याच्या हातात ठेवला. आत मूठभर फुटाणे. "घिऊन जा सायेब. पण परत आणायचा बरं. आन् रिकामा आणू नका." पुढच्या आठवड्यात हवालदार मगभर ओला हरभरा घेऊन दारात हजर. पोलिसाने कोणाच्या घरी काही आणून दिल्याचं आमच्या गल्लीने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शेजारची वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्या सगळ्यांच्याच आयांनी पाळलं. पण मावशींच्या बाबतीत हे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. रिकामा सिलिंडर परत देताना त्या त्याच्यावर एक केळं ठेवत. पाण्याचा जार नेणाऱ्याला जारच्या तोंडात कोथिंबिरीची काडी खोचलेली मिळे. माझी बायको म्हणायची, ‘मावशींकडे डबा न्यायचा म्हणजे दोन भाज्या जास्तीच्या कराव्या लागतात,’ कारण आमचा डबा भरून परत यायचा आणि त्याची परतफेड म्हणून पुन्हा त्यांच्यासाठी डबा भरावा लागायचा. या फेऱ्यात माझं वजन किती वाढलं, तो विषय नको.

मावशी मूळच्या पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या. जन्मभर अंगणवाडीत पोरांकडून मातीचे बैल करून घेतले आणि निवृत्त झाल्यावर भाचीला सोबत म्हणून एका सिरॅमिकच्या शिबिराला गेल्या. भाचीचं लग्न ठरलं, ती गेली. मावशी चाकाशी बसल्या त्या बसल्याच. हात चांगला होता असं म्हणवत नाही. त्यांची एकूण एक भांडी एका बाजूला किंचित कललेली असत. मी एकदा तसं बोललो तर त्यांनी बरणी गच्चीवर ठेवून दिशा बघितली आणि म्हणाल्या, "पैठणकडं कललीय. मातीलाबी माहेर कळतं, सर." मी मागून होकायंत्रावर पाहिलं. दिशा साधारण बरोबर होती.

या बाईंना आयुष्यात एकच हौस राहिली होती. कुठल्याशा संग्रहालयात त्यांनी उत्खननातलं एक खापर पाहिलं होतं. फुटकं. पण काचेच्या पेटीत, खालून दिवा, शेजारी नावाची पट्टी. ते त्यांच्या डोक्यातून जाईना. "फुटक्या खापराला काचेचं घर, आन् माझी धड बरणी फडताळात! एकदा तरी मला माझं भांडं तसं बघायचंय, सर. मग डोळे मिटले तरी चालंल." हे त्या हसत सांगत, पण सांगताना माझ्याकडे बघत नसत. म्हणून मी त्यांच्यासाठी प्रदर्शनांच्या मागे लागलो.

कुंभारकाम करणाऱ्या कलावंतांना हल्ली संधींचा तोटा नाही, फक्त त्या सगळ्या इंग्रजीत असतात. ‘ओपन कॉल’, म्हणजे सगळ्यांना खुलं आवाहन, आहे म्हटल्यावर मावशींनी फोन पदराच्या गाठीत बांधून ठेवला, आंघोळीलासुद्धा दूर केला नाही. ‘रेसिडेन्सी’साठी, म्हणजे तिथे जाऊन राहून काम करायच्या संधीसाठी, त्यांनी आधार कार्ड आणि लाइट बिल आणून दिलं. ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’, कलावंताचं मनोगत, मागितलंय म्हणालो तर बिथरल्या. "स्टेटमेंट? का, काय केलंय मी?" शेवटी मान खाली घालून त्यांनी जबाब दिला, "बरणी मीच केली. वाकडी झाली, ती काय मुद्दाम केली नाय." नकार येत, त्या सगळ्यांत ‘कळवण्यास खेद होतो’ अशा अर्थाचं एक वाक्य असे. मी ते भाषांतर करून सांगितल्यापासून मावशी रोज जिन्यातून विचारत, "सर, आज खेद आला का?"

एकदा मात्र मी जबाबात थोडी भर घातली. ही बरणी माहेराच्या दिशेने झुकलेली आहे, बाईच्या मनातला एक कल तिने जन्मभर जपला आहे, वगैरे. पुण्याच्या एका गॅलरीने बरणी निवडली. मावशींना मी मजकूर मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "लबाडी नाय केली तुम्ही. फक्त मीठमसाला लई पडला."

आणि मग त्या बरणीत कैरीचं लोणचं भरायला बसल्या.

मी हात जोडले. प्रदर्शनात भांडी रिकामीच ठेवतात, हे समजावून सांगितलं. त्यांना ते ऐकूनच घाम फुटला. "पहिल्यांदा पावण्याच्या घरी चाललीय ती. रिकाम्या हातानं धाडू? मला काय म्हणतील लोक?" काठोकाठ लोणचं भरून, जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्याचा दादरा तोंडाला बांधून बरणी तयार झाली. गल्लीतल्या शकीलभाईंचा टेम्पो पुण्याला जाणार होता. त्यांनी बरणी उचलून पाहिली आणि मावशींचीच बाजू घेतली. "भरेलीच अच्छी, साब. खाली बरनी रस्ताभर उछलती. भरेली चुपचाप बैठती."

उद्घाटनाला मी आणि मावशी एसटीने गेलो. दालनाच्या मधोमध काचेची पेटी होती, खालून दिवा होता आणि आत पैठणकडे, म्हणजे तिथल्या हिशेबाने दाराकडे, कललेली बरणी. दादरा तसाच. मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या. पट्टीवरचं नाव इंग्रजीत होतं, ते त्यांनी माझ्याकडून पुनःपुन्हा वाचून घेतलं. खांद्यावरचा पदर सारखा केला, जणू काचेच्या आतून कोणी त्यांच्याकडे बघत होतं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही निकालाने वाटलेलं नाही.

दिव्याच्या उबेने तासाभरात लोणच्याने आपलं अस्तित्व जाहीर केलं. लोक बाकीच्या कलाकृतींपाशी थांबेनात, पेटीभोवती गर्दी करून नाक वर करून उभे. गॅलरी सांभाळणारी, केसांत पेन्सिल खोवलेली मुलगी धावत आली. "मावशी, आत काय आहे?"

"लोणचं. बरणीत दुसरं काय असणार?"

"म्हणजे ते कलाकृतीचा भाग आहे का?"

"नाय गं बाई. कलाकृती बरणी. लोणचं तुमच्यासाठी."

त्या मुलीने पेटीची किल्ली आणली. समोशांबरोबर लोणचं वाटलं गेलं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात कलेबद्दल काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्यांच्या बाहीवर तेलाचा डाग होता. संध्याकाळी पुसून लखलखीत केलेली बरणी पुन्हा पेटीत गेली. रिकामी.

परतीच्या प्रवासात अहिल्यानगर मागे पडल्यावर मावशी म्हणाल्या, "आता ती परत कशी येईल, सर?" मी म्हणालो, "कुरियरने." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठी विसरलोय. मग मला उमजलं. मी त्या मुलीला फोन करून एक शब्द टाकतो म्हणालो, तर त्या उसळल्या. "अजिबात नाय! सांगून भरलेली बरणी काय कामाची? ती मागितल्यासारखी झाली." पेटी झाली, दिवा झाला, नावाची पट्टी झाली. पण त्या दिवसापासून त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला. पुणेकर आपली बरणी रिकामी धाडतात का काय?

प्रदर्शन आणखी गावोगाव फिरलं. दरम्यान मावशींचं हृदय कुरकुरायला लागलं, डॉक्टरांनी गच्चीचा जिना बंद केला, भट्टी थंड पडली. दिवाळीनंतर खोकं आलं. त्या पलंगावर बसल्या होत्या. "तुम्हीच फोडा," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी बरणी बाहेर काढली. जड होती. तोंडाला ओढणीचा तुकडा बांधलेला, गाठ अगदी नवशिकी. आत लिंबाचं लोणचं.

मावशींनी फोड जिभेवर ठेवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "लिंबं न पुसताच चिरलीत. बिया तशाच. मीठ घालायचं का साखर, ते पोरीचं शेवटपत्तोर ठरलं नाय. सर, लई वंगाळ लोणचं हाय." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "तिखट लागलं." त्या लोणच्यात तिखट नावालाही नव्हतं.

रोज जेवताना त्यांनी त्यातली एक फोड नेमाने खाल्ली, तोंड वेडंवाकडं करत. थंडी सरायच्या आत मावशी गेल्या. झोपेतच.

बरणी आमच्याकडे आली, अर्धी भरलेली. उरलेलं लोणचं मी आणि बायकोने संपवलं. टाकून देण्याची आमची छाती झाली नाही. मग बरणी धुतली, उन्हात वाळवली, आणि कैऱ्या आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा लोणचं घातलं. ते कसं झालंय ते विचारू नका. बायकोने चाखून पाहिलं आणि ‘पुण्याला शोभेल’ एवढंच म्हणाली.

काल शकीलभाईंचा टेम्पो पुण्याला निघाला. गॅलरीतल्या त्या मुलीला धाडायला मी बरणी घेऊन खाली उतरलो. दादरा मावशींच्या त्याच हिरव्या लुगड्याच्या दुसऱ्या तुकड्याचा. त्यांनी ती ओळखली. हात पुढे केला, मग थबकले.

"मौसी की है ना? खाली तो नहीं?"

"नाही," मी म्हणालो. "काठोकाठ आहे."

त्यांनी ती स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, आणि बरणी चुपचाप बसली.