हवालदारानं नेलेलं घड्याळ

नव्या कुलपात मिस्त्रीनं तेल सोडलं आणि त्या वासानं आकुर्डीची चाळ आठवली. तेव्हा दिवसा कुणी दाराला कडी लावत नसे; लावली तर घरात भांडण झालं असं समजत. एका दुपारी मी नळावरून पाणी घेऊन आले, तर फळीवरचं गजराचं घड्याळ नव्हतं. शेजारीण मराठवाड्यातली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. नवऱ्याला दुसऱ्या शिफ्टला पाठवायचं म्हणून ती रोज आमच्या घरात येऊन वेळ बघून जाई. मी तिच्या दारात जाऊन विचारलं, "घड्याळ नेलंत का हो?" 'पाहिलंत का' म्हणायचं होतं. भाकरी थापणारा तिचा हात थांबला. "नेलं म्हंजी? चोरलं म्हनता का, ताई?" मी नाही म्हणाले, पण उशिरा. तासाभरानं हवालदार घड्याळ घेऊन आले. "बाई, चोऱ्या वाढल्यात. उघड्या घरातली वस्तू उचलायची आणि लोकांना शहाणं करायचं, असा साहेबांचा हुकूम आहे. कुलूप लावत जा." "आमचा म्हातारा न्या की, हवालदारसाहेब!" कुणीतरी ओरडलं. चाळ हसली, शेजारीण हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवलं. ती उंबऱ्याबाहेर थांबली. "ताई, किती वाजले?" मी म्हणाले, "आत या ना." ती हलली नाही. तिथून फळी दिसत नसे. मी वेळ सांगितली, आणि चाळ सोडेपर्यंत रोज सांगत राहिले. आज कुलूप बसवून झाल्यावर मिस्त्रीनं सहज विचारलं, "काही चोरीला गेलं होतं का, ताई?" मी नाही म्हणाले. याही वेळी उशीरच झाला.