राहून गेलेली ओ

धरमतरच्या खाडीकाठी संध्याकाळी कोणी नावानं हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. हे तिथं पोरांना अगदी लहानपणीच शिकवतात. पहिल्या हाकेला गप्प. दुसरीला गप्प. तिसरी आली तरच 'ओ'. कारण मेलेल्याला दोनच हाका मारता येतात, तिसरीला जिवंत गळा लागतो. आता हा हिशेब कोणी मांडला आणि कोणी तपासला, ते मला विचारू नका. तपासायला गेलेला माणूस परत आला नाही असं सांगतात, आणि सांगणारा लगेच विडी पेटवायला लागतो.

बायजाला हे तिच्या आयनं शिकवलं. आय मिठागरात राबायची आणि कानानं अधू होती. ज्याला कमी ऐकू येतं त्याला सगळं जगच बहिरं वाटतं, त्यामुळे तिची हाक गावात प्रसिद्ध होती. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात फळ्यांचा दरवाजा बसवतात, त्याला उघाडी म्हणतात. दिवेलागणीला त्या उघाडीवर उभी राहून ती चिखलात खेळणाऱ्या पोरींना हाक मारायची. 'बाय' खालच्या सुरात आणि 'जाऽऽ' एकदम वर. तीन वेळा. पोरींनी पहिल्याच हाकेला ओ दिली तरी तीनच वेळा, कारण ओ तिला ऐकूच जायची नाही. वर म्हणायची, "तिसरी आली म्हंजे आय समजायचं. दोनावर थांबली तर घरात पळायचं, मागं बघायचं नाय."

पोरी दोन. थोरली काशी, धाकटी बायजा. दोघी गावातल्याच आणि गावातच दिलेल्या. काशी जिभेची तिखट, बायजा हाताची चपळ. आय गेली तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की लोकांना त्यांनाच आधी सावरावं लागलं.

पुढं बायजाची चार महिन्यांची पोर तापानं गेली. घरी येणारा जो तो काहीतरी सांगून जात होता. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे अमक्याचं करणं राहिलं. फक्त एक बाई आली आणि काहीच बोलली नाही. मोरीतली साठलेली भांडी घासली, चूल पेटवली, पेज करून ठेवली आणि निघून गेली. ती हिरामण पास्टरची बायको होती. पुढच्या रविवारी बायजा पेणला गेली, तिथं एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची प्रार्थना भरायची. का गेलीस असं कोणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "तिथं मला कोणी कारण नाय सांगितलं."

हिरामण पास्टर म्हणजे फार मोठं प्रस्थ समजू नका. माणूस रोह्याकडे कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी उपदेश करायचा. एकदा रात्रपाळी करून तसाच आला, "आपण डोळे मिटून शांत होऊ या," म्हणाला आणि उभ्या उभ्या झोपला. सगळी मंडळी डोळे मिटून बसली. आज पास्टरांना फार खोलातलं दर्शन होतंय, असं म्हणत कोणी हलेना. शेवटी पास्टर घोरले तेव्हा उलगडा झाला.

कुंडलिका नदीच्या पाण्यात बायजाचा बाप्तिस्मा झाला. पहिल्याच दिवशी ती प्रार्थना सोडून चहाचे कप विसळायला बसली होती, म्हणून पास्टरांनी बायबलातल्या कामसू बाईचं नाव ठेवलं, मार्था. नाव चांगलं होतं, पण गावाच्या जिभेवर ते टिकतंय कुठलं? आठवड्याभरात त्याचं 'मारता' झालं. पोरं तिला बघून ओरडायची, "पळा रे, मारता बाई आली!" तिचा नवरा कमळाकर जेटीवर वॉचमन होता. तो म्हणाला, "लग्नाला इतकी वर्षं झाली, नाव आत्ता कुठं खरं पडलं." कमळाकर स्वतः गावदेवीला नारळ द्यायचा आणि रविवारी बायकोला मोटारसायकलवरून पेणलाही सोडायचा. दोन्हीकडे ओळख असलेली बरी, असं त्याचं म्हणणं होतं.

काशीला मात्र हसू आलं नाही. तिनं भर हळदीत, गावातल्या बायकांसमोर सांगितलं, "आमची बायजा मेली." नुसतं सांगून थांबली नाही, घरी जाऊन बहिणीच्या नावानं आंघोळ केली. मार्थाच्या ते वर्मी लागलं. तिनंही हट्ट धरला की आता बायजा म्हणायचंच नाही, कोणीच नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. कोणी चुकून म्हटलं तर ती ओ द्यायची नाही. हळूहळू ते नाव गावातून गेलं. दोघी बहिणींची दारं समोरासमोर, तरी वर्षानुवर्षं एक शब्द नाही. एक अंगण झाडायला आली की दुसरी आत जायची.

मागच्या थंडीत एका रविवारी पास्टरांनी शमुवेलाची गोष्ट सांगितली. लहान पोर देवळात झोपलेलं, त्याला देवाची हाक येते. म्हातारा एली याजक बोलावतोय असं वाटून ते पळत त्याच्याकडे जातं. म्हातारा म्हणतो, मी नाही बोलावलं, झोप जा. पुन्हा हाक, पुन्हा पोर पळालं. मार्थाला राहवेना. भर उपदेशात तिनं हात वर केला.

"पास्टर, पहिल्याच हाकेला उठला? त्याच्या आयनं त्याला काय शिकवलं नव्हतं?"

खोलीत खसखस पिकली. पास्टरही हसले. म्हणाले, "मार्थाबाई, त्याच्या आईनं त्याला देवाच्या हवाली केला होता. हाका मोजत बसणं आपलं काम नाय. आपलं काम उठायचं." मार्थाला ते काही पटलं नाही. येताना मोटारसायकलवर ती कमळाकरला म्हणाली, "त्यांना रोह्यात काय जातंय बोलायला? त्यांच्या दारात खाडी कुठं हाय?"

त्याच आठवड्यातली अमावस्या. कमळाकरची संध्याकाळची ड्युटी होती. मार्था जेटीवर त्याचा डबा देऊन बांधावरून घरी निघाली होती. सूर्य बुडालेला, पण उजेड अजून पाण्यावर रेंगाळत होता. खाडीवरून धुरकट थर उठला होता आणि पलीकडची बार्ज अर्धीच दिसत होती. वारा समोरून, गावाकडून खाडीकडे वाहत होता. तिवरांत एरवी बगळ्यांचा कलकलाट असतो, त्या दिवशी एकही पाखरू नव्हतं. उघाडी ओलांडून ती थोडी पुढं आली असेल. उघाडीलगतच पूर्वी बांध फुटून खांड गेली होती, आणि त्या खांडीत गिऱ्हा नावाचं पाण्यातलं भूत राहतं असं गाव मानतं. मार्था आता गिऱ्ह्याला मानत नव्हती. तरी तिथून जाताना गाणं जरा मोठ्यानं म्हणायची.

"बायजाऽऽ"

गाणं तोंडातच राहिलं. हाक मागून आली, उघाडीवरून. 'बाय' खाली, 'जा' वर.

हे नाव गावात कोणाच्या तोंडी राहिलंच नव्हतं. आणि तो सूर? छे! तो सूर तर आयबरोबर सरणावर गेला होता.

"बायजाऽऽ"

दुसरी. तिसरी येऊ दे, देवा, तिसरी येऊ दे. तिसरी आली तर कोणीतरी जिवंत माणूस आहे, मग मी वळते. ती थांबली. बांधाखाली पाणी चुळबुळत होतं, भरती लागली होती. तिसरी हाक आली नाही.

दोनावर थांबली तर घरात पळायचं. घराचे दिवे समोर दिसत होते. आणि विचार करा, बायजा मेली हे काशीनं जाहीर केलं, मार्थानंही मान्य केलं. मग मेलेल्या बायजाला हाक मारणारं कोण असणार? मेलेलंच. तिनं एक पाऊल घराकडे टाकलंसुद्धा.

आणि नेमके त्याच वेळी तिला घोरणारे पास्टर आठवले. हाका मोजत बसणं आपलं काम नाय. "मेले पास्टर!" ती चक्क मोठ्यानं म्हणाली, आणि वळली. तोंडात प्रार्थना होती, पण धड नव्हती. "येशूबाबा, माणूस असलं तर मला पोचव, गिऱ्हा असला तर तू पुढं हो, मी मागं राहते," असं काहीतरी पुटपुटत ती पळत सुटली. ओ मात्र तिनं दिली नाही. तेवढं धाडस तिच्यात नव्हतं.

उघाडीवर कोणी नव्हतं. फळ्या ओल्या होत्या. मार्थानं खाली खांडीकडे पाहिलं आणि तिला आधी तरंगणारी टोपली दिसली, मग डोकं. काशी! सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिंबोऱ्या धरायला उतरली होती आणि रेंद्याच्या चिखलात छातीपर्यंत रुतली होती. पाणी गळ्याशी आलं होतं. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, पण त्यातून आवाज येत नव्हता.

मार्थानं उघाडीची सुटी फळी ओढली, चिखलावर आडवी टाकली आणि तिच्यावर पोटावर झोपून सरकत गेली. पदर सोडून काशीच्या काखेतून घेतला. ओढलं. काशी हलेना. पुन्हा ओढलं. पाणी हनुवटीला लागलं. "पाय मोकळं कर गो, हलव पाय!" मार्था रडत ओरडत होती. "तू मरायची नाय, समजलं? माझ्या नावानं आंघोळ केलीस, आता तुझ्या नावानं मला नाय करायची!" तिसऱ्या हिसक्याला चिखलानं मोठा आवाज केला आणि काशी सुटली. फळीवर अर्धी चढल्या चढल्या तिला घोगरा कंठ फुटला. पहिला शब्द काय असावा?

"टोपली."

"काय?"

"टोपली धर! भरलेल्या चिंबोऱ्या हायत, जातील वाहून."

एवढ्या वर्षांनी बहीण बोलली, ती ही! मार्था चिखलात पडल्या पडल्या हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. टोपली मात्र धरली.

घरी नेऊन तिनं काशीला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, चुलीपाशी बसवलं. हातात चहाचा कप दिला. अर्धा कप संपवून काशी म्हणाली, "तू जेटीकडून येताना दिसलीस मला. लय ओरडले. पण वारा उलटा. माझं मलाच ऐकू येत नव्हतं, मग घसाच बसला. वाटलं, गेली ही."

"ऐकू आलं की," मार्था म्हणाली. "दोनदा बायजा बायजा केलंस ना?"

काशीनं कप खाली ठेवला. "मी कशाला बायजा म्हणू? त्या नावाला तू ओ देत नाय, ठाऊक हाय मला. मरायच्या वेळी कोण भांडतं? मी मार्था म्हणून हाक मारली गो. जल्मात पहिल्यांदा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग काशीनं अगदी हळू विचारलं, "आवाज कसा होता?"

मार्थानं सूर काढून दाखवला. 'बाय' खाली, 'जा' वर. काशी उठली, दार लावून कडी घातली आणि येऊन बहिणीला चिकटून बसली.

रविवारी मार्थानं पास्टरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि घसा साफ केला. "मेलेली माणसं बोलत नाहीत, असं आपलं शास्त्र सांगतं."

"बोलली नाय. फक्त हाक मारली."

"हाक देवानं मारली, बाई."

"मग देवानं मार्था का नाय म्हटलं? बायजा तर मेली ना बुडवून, कुंडलिकेत?"

"त्याच्याकडे कोणतंच नाव मरत नाय."

मार्थानं तरी सोडलं नाही. "आणि आवाज आयचा कसा?"

पास्टरांनी डोळे मिटले. ते पुन्हा झोपले की काय, असं तिला वाटलं. मग ते म्हणाले, "शमुवेलालासुद्धा आवाज ओळखीच्या म्हाताऱ्याचाच वाटला होता. त्याशिवाय पोर उठलं नसतं." आणि त्यांनी जोडलं, "यापुढं मला नाय माहीत. खरंच नाय माहीत."

मार्थाचं त्यानं समाधान झालं की नाही, ते सांगता येत नाही. पण तिला दुसरीच गोष्ट खुपत होती. हाक आयची असो की देवाची, ओ राहून गेली होती. धाकट्या पोरीनं आयला ओ न देता कसं चालेल?

त्याच संध्याकाळी ती उघाडीवर गेली. काशी दार उघडून बघत होती, तीही चपला अडकवून मागोमाग निघाली. भरती आली होती. तिवरं गुडघ्यापर्यंत पाण्यात होती आणि खांडीवर तोच धुरकट थर होता. मार्था फळ्यांवर उभी राहिली. एकदा मागं बघून घेतलं, मग खाडीकडे तोंड करून तिनं बारीक आवाजात ओ दिली.

काही झालं नाही. दूर एक निवटी मासळी चिखलात उडाली तेवढंच.

काशी जवळ आली आणि तिनं बहिणीचा हात घट्ट धरला.

"जोरात दे गो, बायजा," ती म्हणाली. "आयला कमी ऐकू येतं."