बांधाची रेघ

पालघर स्टेशनाबाहेरची एक भिंत अलीकडे रंगवली आहे. तांबड्या रंगावर पांढरी चित्रं: त्रिकोणी अंगाची माणसं, हातात हात गुंफून फेर धरलेली, मध्ये तारपा वाजवणारा. परवा गाडीला उशीर होता, म्हणून मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले आणि सवयीनं नाक पुढे केलं. शी! ऑइलपेंटचा वास. बरोबरची शेजारीण हसायला लागली. "अहो, भिंतीचा कसला वास घेताय?" म्हणाली. आता हिला काय सांगणार? या चित्रांखालच्या भिंतीला शेणाचा, गेरूचा आणि भिजल्या तांदळाचा वास असायला हवा. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला त्याला डब्यातला रंग कसा चालावा? गाडी आली, आम्ही बसलो. उमरोळी गेलं, बोईसर गेलं, आणि माझं मन मात्र केव्हाच पुढे वाणगावला उतरून रुळांपलीकडच्या त्या वखारीत जाऊन बसलं होतं.

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. मी तेव्हा वाणगावकडे नर्स होते. तरुण होते, अंगात रग होती, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय मला घास गोड लागत नसे. राज्यात दारूबंदी होती, म्हणजे कागदावर. पाड्यापाड्यावर मोहाची दारू गाळली जात होती आणि माणसं पिऊन पिऊन माझ्यासमोर आणून टाकली जात होती. मी औषध द्यायचे, माणूस उभा राहायचा आणि पुन्हा तिथंच जायचा. शेवटी मी कंटाळले नाही, चिडले. स्टेशनजवळ गवताची एक जुनी वखार रिकामी पडली होती. पूर्वी तिथून मुंबईच्या तबेल्यांना गवताच्या गाठी जात. मालकाच्या मागे लागून लागून मी ती मागून घेतली आणि जाहीर केलं, ज्याला सुटायचं असेल त्यानं इथं येऊन राहावं. मी बघते.

"मी बघते" म्हणणं सोपं असतं हो! माणसं आली. थरथरली, ओकली, शिव्या घातल्या, रडली. अंगातली दारू उतरवणं मला जमत होतं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू व्हायची. दिवस मोठा आणि हाताला काम नाही. कारवीच्या कुडाकडे बघत माणूस बसायचा आणि एखाद्या दुपारी कुड फाकवून पसार व्हायचा. मला धाय मोकलून रडावंसं वाटे, पण रडायला वेळ नसे.

त्यातच एक जोडपं आलं. तो डोंगराकडचा, पावसावरच्या एका तुकड्यात भात लावणारा, उंच, काटक, बोलायला गोड. ती बुटकी, ठाम, पाठीशी मूल बांधलेली. दोघं कितीतरी वर्षं एकत्र राहत होती. त्यांच्या पाड्यांवर ते चालतं. संसार आधी मांडतात, लग्न जमेल तेव्हा लावतात. पण यांचं लग्न काही लागत नव्हतं. ठरलं की हा पिऊन पडायचा. ती मला म्हणाली, "बाय, पोरं झाली, पण आमचा चौक काय लिवला नाय. चौक नाय तं लगीन नाय. याला उभा करा. याच्या पायावर उभा ऱ्हायला पायजे देवीपुडं." आपण चित्र काढतो, ते चित्र लिहितात. लग्नाच्या घरात भिंतीवर सवाशिणी देवीचा चौक लिहितात आणि त्याच्यासमोर लग्न लागतं. तिला एवढंच हवं होतं. मला वाटलं, हे आपण करून दाखवायचंच.

माणसांना भेटायला आलेल्या बायका वखारीबाहेर नुसत्या बसून असत. मी त्यांना कुड सारवायला लावला. सारवून, गेरू फिरवून भिंत अशी देखणी झाली की त्यांचेच हात शिवशिवायला लागले. पण लग्नाशिवाय भिंत लिहायची कशी? मग लग्न लावणाऱ्या म्हातारीला, धवलेरीला, विचारायला माणूस गेला. ती स्वतःच आली. तोंडात दात दोन-चार, पण नजर अशी की मीदेखील पदर सारखा केला. भिंतीसमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चौक लिवायचा नाय. मधी जागा सोडा. भोवतालचं लिवा, शेत, रान, घरा. आन् या बाप्यांना बसवून काय ठेवलंय? त्यांना पन लावा." बाप्यांनी लिहायचं? बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. तशी रीत नव्हती. म्हातारी म्हणाली, "चौकाला हात लावायचा नाय. बांद लिवा की! शेताचे बांद कोन घालतो, आमी?"

झालं! बाप्ये कामाला लागले. कोणी तांदूळ वाटतोय, कोणी बांबूच्या काडीचं टोक चावून चावून तिचा कुंचला करतोय. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेताच्या बांधाची रेघ घालायची होती, ती आमच्या या नवरदेवाच्या वाट्याला आली. पहिल्या दिवशी त्याचा हात असा कापत होता की रेघ वळवळत गेली. नवरी बाजूला भाताची रोपं लिहीत होती. म्हणाली, "तुजा बांद नाचतो रं." तो ओशाळून हसला. पण दुसऱ्या दिवशी काडी घेऊन पुन्हा बसला. रोज वीतभर, कधी त्याहून कमी. त्या रेघेवरून मला नाडी बघावी तसं कळायला लागलं; हळूहळू तिची वळवळ कमी झाली, आणि मग एके दिवशी ती सरळ चालायला लागली. दुसरी माणसंही पळेनाशी झाली. भिंतीवरचं आपलं झाड अर्धं सोडून कोण जाणार? मी तर हवेत होते. भात झोडून झालं की लग्न, असं धवलेरीनं सांगूनही टाकलं.

आणि तो गेला. गेरू संपला म्हणून बोईसरच्या बाजाराला गेला तो आलाच नाही. तारापूरकडे तेव्हा मोठं बांधकाम निघालं होतं, तिकडे कामाला गेलेल्यांच्या टोळक्यात तो दिसला, पिऊन होता, अशी बातमी आली. माझं तर अवसानच गळालं. तिची समजूत काढायला गेले, तर ती आपली भिंतीपाशी रोपं लिहीत बसलेली. रेघ मध्येच तुटली होती. मी म्हटलं, "अगं, तू पुरी करून टाक ना." तिनं मान हलवली. "माजी नाय ती. त्याची त्यानंच लिवायची." आणि पुढचं रोप लिहायला घेतलं.

पुढल्या बाजाराच्या दिवशी तो परत आला, रुळांच्या कडेनं चालत. दारात उभा राहिला, आत येईना. शिव्या माझ्या अगदी ओठांवर आल्या होत्या. ती उठली, कुडात खोचून ठेवलेली त्याची काडी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो बसला. रेघ पुन्हा थरथरत निघाली. सरळ रेघेच्या मध्येच तो वेडावाकडा तुकडा मला बघवेना. मी म्हटलं, "तेवढी पुसून टाक आणि नव्यानं घाल." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वर बघितलं. "ऱ्हाऊ द्या, बाय. बांद फुटतो तवा फुटतो. मंग काय शेत सोडून देतो काय? तिथंच माती घालतो." मी तो विषय तिथंच सोडला. माझ्या स्वभावाला न शोभणारं, पण सोडला.

भात झोडून झालं. धवलेरी म्हणाली, जागा इथं सोडली आहे तर चौक इथंच लिहायचा. माझी हरकत चौकाला नव्हती, दारूला होती. लग्न म्हटलं की दारू आलीच. मी दारात आडवी उभी राहिले. "या उंबऱ्याच्या आत थेंब येणार नाही!" म्हातारी म्हणाली, "देवाला थेंब दिल्याबिगर लगीन लागत नाय." दोघीही हटायला तयार नाहीत. शेवटी ठरलं: माणसांना नाही, फक्त देवाचा एक द्रोण. सवाशिणींनी चौक लिहिला, मधली रिकामी जागा देवीनं भरली, गाणी झाली. आणि त्या म्हातारीनं काय करावं? तो भरला द्रोण तिनं सरळ नवरदेवाच्याच हातात ठेवला!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आजही मी म्हणेन, असला धोका कुणी घेऊ नये. मोहाचा वास मला दारापर्यंत येत होता, त्याच्या तर नाकाखाली होता. ती शेजारी, पाठीशी मूल, डोळे चौकावर. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो खाली वाकला आणि सगळा द्रोण त्यानं देवीपुढच्या मातीत ओतला, हळूहळू, पार शेवटच्या थेंबापर्यंत. बोटं ओली झाली होती. ती त्यानं मातीतच खसाखसा पुसली आणि तिचा हात धरला. धवलेरीनं गाणं पुढे उचललं. मी बाहेर जाऊन कुडाला टेकून मनसोक्त रडून घेतलं.

ती वखार आता नाही. भिंत तर कधीच मातीत गेली. ती टिकवायची म्हणून लिहिलेलीच नव्हती. स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर बांध आहेत, पण सगळे पट्टीनं आखल्यासारखे. मी शोधून शोधून बघितलं, एकही रेघ कुठं कापलेली नाही.

माझाच हात आता कापतो. तांदळाच्या पिठानं दारात रांगोळी घालते तर रेघ वळवळत जाते. ते बघून शेजारणीनं मला रांगोळीचा छापा आणून दिला. बिचारीचा हेतू चांगला. मी तो माळ्यावर टाकून दिला. आज सकाळी गुडघे धरत खाली बसले, चिमूट भरली आणि रेघ सुरू केली. मध्ये हात पार भरकटला. पुसली नाही. तिथूनच पुढे दाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली, आणि मगच उठले.