सहावं मशीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल — म्हणून सांगूनच टाकतो.

ओतूरला एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार तीन-चारचा सुमार. मशीन सहा, त्यांतल्या पाचांवर सगळं कॉपी केलेलं. प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं, हे आमच्या गावीही नव्हतं. मंचरच्या क्लासवाल्याकडून मी सीडी आणायची, माझ्याकडून आळेफाट्याच्यानं न्यायची. शेजारून विरजण आणावं तसं.

सहावं मशीन सुनंदा मॅडमचं. आळे गावची मुलगी, बीएस्सी झालेली, माझ्याकडे शिकवायला होती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिनं त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली आणि त्यातच पोरांना सी लँग्वेज शिकवू लागली. फुकटातलं ते, किती टिकणार, म्हणून मी हसलो. ती म्हणाली, “सर, फुकट हाय, पण चोरीचं न्हाई. त्यात लिवलंयच — वापरा, बदला, दुसऱ्याला द्या.”

त्याच मशीनवर ती नोट्स लिहीत होती. मराठी माध्यमातल्या पोरांसाठी, मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत टाईप करून. लूप म्हणजे काय? तर ट्रॅक्टर भरेपर्यंत कांद्याच्या गोण्या टाकत राहायच्या. सहा महिने रोज क्लास सुटल्यावर बसायची. त्याचं पुस्तक करायचं तिच्या मनात होतं. कॉपी ठेवायला फ्लॉप्या मागायची. आणतो म्हणायचो — आणल्या नाहीत.

आम्हा क्लासवाल्यांची एक रीत होती. पुण्याहून चोरीची सॉफ्टवेअरं धरणारी तपासणीची गाडी निघाल्याची कुणकुण लागली की एकमेकांना फोन करायचा आणि एवढंच म्हणायचं, “पावणं निघालेत.” मग ज्यानं त्यानं आपापल्या मशीनच्या डिस्का पुसून कोऱ्या करायच्या. एका दुपारी मंचरहून तो फोन आला. सुनंदा कसलासा फॉर्म भरायला जुन्नरला गेली होती. मी पोरांना सुट्टी दिली, शटर अर्धं ओढलं आणि पाच मशीन पुसली.

सहाव्यापुढे थांबलो. ते पुसायची गरज नव्हती — अख्ख्या क्लासात तेवढंच एक सरळ होतं. मग का पुसलं? घाबरलो होतो म्हणून? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. ते अर्धंच खरं. पोरं अडली की तिच्याकडे जायला लागली होती. माझ्याच क्लासात मला कुणी विचारेना. मी जळत होतो. बटण दाबताना हे डोक्यात होतं, आणि नोट्स त्याच डिस्कवर आहेत हेही.

पाहुणे आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, तुमच्या त्या फुकटच्या सिस्टीमनं डिस्क खाल्ली. पोरांसमोर सांगितलं. ती त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. महिनाअखेरीस तिनं काम सोडलं.

पुढे मी सगळ्याच मशीनवर लिनक्स टाकलं. त्या फोनची भीती तरी गेली. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगायचो — हे फुकट आहे, पण चोरीचं नाही. पोरं वहीत उतरवून घ्यायची. वाक्य कुणाचं, ते मी कधी सांगितलं नाही.

चार-पाच वर्षांनी मंचरच्या स्टँडवर ती दिसली. मी तोंड चुकवत होतो, तर तीच गर्दीतून पुढे आली. तिथंच एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते म्हणाली. प्रोग्रॅमिंग? ते तेव्हाच सोडलं. मग म्हणाली, “सर, लई दिवस मनात व्हतं. माझ्यापायी तुमचं मशीन गेलं तवा. माफ करा.”

आणि मी — मी म्हणालो, “जाऊ द्या मॅडम. व्हतं असं कधी कधी.”

असं म्हणून मी तिला माफ केलं.