सिस्टरचा भुईचाफा

पालथा हात मातीला लावायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "घाई न्हाई. येतंय ते येतंय." आमच्या शेजारणीची सकाळ अशी सुरू व्हायची. बाळंतिणीच्या कपाळाला ताप बघावा तसा ती हात लावायची, तो एका कापलेल्या निळ्या ड्रमातल्या मातीला. त्यात काय होतं? माती. नुसती काळी माती. मी कुंपणाच्या अलीकडून बघायची आणि मनात म्हणायची, या बाईचं काही खरं नाही.

अहमदपूरच्या आमच्या गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. लग्न केलेलं नाही, आईबाप कधीच गेलेले, नांदेडला एक भाचा, तो भीमजयंतीला पाया पडून जायचा. नाव होतं की तिला, पण ते लाईटबिलावर. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी बाई, जिच्या नावाची कुणाला गरजच पडत नाही.

"येतंय ते येतंय" हे तिचं सगळ्या आजारांवरचं औषध होतं. लाईट गेली, येतंय. कुकरची शिट्टी होईना, येतंय. आमच्या ह्यांची स्कूटर सुरू होईना, हे किका मारून घामाघूम झालेले, आणि ही ओट्यावरून शेंगा फोडत म्हणतेय, "घाई करू नका भाऊ." ह्यांनी चिडून गाडी ढकलतच नेली. माझी लेक बाळंतपणाला आली तेव्हा कळा सुरू झाल्या न झाल्या तोच माझं बी.पी. वाढलं. दवाखान्यात मी आतबाहेर, आतबाहेर. सिस्टर सोबत आली होती. माझा दंड धरून मला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "बाळंतपण तिचं हाय, तुमचं न्हाई. जा, चहा पिऊन या." मला असा राग आला होता! पण चहा पिऊन आले तोवर नातू झाला होता.

तिच्या घरी समोरच्या भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, खाली दोन खुर्च्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर पेपरची रद्दी. कपही दोनच. मी गेले की मला आपला कप द्यायची आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायची. दुसरा कप फळीवर नवाकोरा, दांडीवरचा स्टिकरसुद्धा निघालेला नाही. एकदा विचारलंच, "तो काय पूजेला ठेवलाय का?"

"त्यो दाईमायचा हाय," ती म्हणाली.

ही दाईमाय म्हणजे इस्लापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली सुईण. सिस्टरची पहिली नेमणूक तिकडे, किनवटच्या जंगलात. ट्रेनिंग करून आलेली कोवळी पोरगी, अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि पहिल्याच बाळंतपणात शिकलेलं सगळं विसरली. बाईला "जोर लाव, जोर लाव" म्हणून नुसता ओरडा. तेव्हा कोपऱ्यात बसलेली दाईमाय उठली आणि म्हणाली, "घाई करू नको पोरी. येतंय ते येतंय." ते वाक्य सिस्टरला असं चिकटलं की जन्मभर सुटलं नाही. पुढे दोघींनी मिळून त्या भागातली किती लेकरं जगात आणली, त्याचा हिशोब दोघींनीही ठेवला नाही. क्वार्टरमध्ये एकटीला भीती वाटते म्हणून दाईमाय रात्री येऊन उंबऱ्याशी आडवी व्हायची. आईच ती, दुसरं काय.

बदली झाली तेव्हा सिस्टर तिच्या गळ्यात पडून रडली. दाईमाय नाल्याकाठी गेली, सागाच्या दाट सावलीतून भुईचाफ्याचे कंद उकरून आणले आणि पदरात घातले. "रडू नको. हे लाव. फूल आलं की सांग, मी बघायला येते."

भुईचाफा तुम्ही पाहिलाय का? मी नव्हता पाहिला. सिस्टर सांगायची ते ऐकून मला तो पाठ झाला. ओलसर, गार जंगलातलं झाड. उन्हाळ्यात जमिनीवर त्याची खूण नसते, पान नाही, देठ नाही. आणि एके सकाळी मातीतूनच फूल वर येतं. पांढऱ्या पाकळ्या, मधली एक जांभळी. वास असा की वाकूनच घ्यावा लागतो. दिवसाच्या आत कोमेजतं. पानं येतात ती मागून, पावसात. "फुलानं पान बघितलेलं नसतंय, अन् पानानं फूल," ती म्हणायची.

तिच्या ड्रमात पानं दरवर्षी यायची, चांगली नक्षीदार. फूल नाही. आणि फूल नाही म्हणून दाईमाय नाही.

"अहो, तसंच बोलवा की तिला!" मी एकदा वैतागून म्हणाले. "फूल काय करायचंय? नाही तर तुम्ही जा."

"मी जात होतेच की. आता गुडघे यष्टीत चढू देईनात. अन् तिला यष्टी लागते. ती किनवट सोडून कुठं गेली न्हाई कधी. उगाच कशी बोलवू? कायतरी निमित्त लागतंय माणसाला." मग ड्रमाकडे बघून म्हणाली, "निमित्त येऊन राहिलंय. घाई न्हाई."

पण तिलाच घाई झाली होती हो! लोकांना धीर सांगणारी ही बाई, ड्रमापुढे तिचा धीर टिकत नव्हता. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी. लोक हंड्यासाठी भांडतात, आणि ही भर उन्हाळ्यात स्वतःच्या पिण्याच्या घागरीतून ड्रमाला सकाळ-संध्याकाळ तांब्या घालायची. वर ओलं पोतं. पोत्यावर छत्री. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "सिस्टर, त्यात तुळस तरी लावा," एक म्हणाली. सिस्टरने तिच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं.

रविवारी दाईमायचा फोन यायचा, तिच्या नातसुनेच्या मोबाईलवरून. म्हातारी असं ओरडून बोलायची की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यावं. पहिला प्रश्न ठरलेला, "आलं का?" आणि इकडून, "न्हाई अजून." मग भाकरी खाल्ली का, पाऊस हाय का, असलं. एका रविवारी सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, "रोज पाणी घालते की गं, तरी येईना." पलीकडे म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला.

"येडी का काय तू? उन्हाळ्यात रानाला कोण पाणी घालतंय? त्याला निजू दे की. निजल्याबिगर फुलत न्हाई ते."

सिस्टर फोन ठेवून कितीतरी वेळ ओट्यावर बसली. मग स्वतःशीच हसली. "जिवंत राहावं म्हणून घालत होते हो," ती मला म्हणाली. "मला वाटलं, कोरडं पडलं तर मरून जाईल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या हिवाळ्यापासून पाणी बंद. ड्रम जिन्याखाली सावलीत सरकवला. माती वाळून पांढरी पडली, कडेने भेगा गेल्या. सिस्टरचा जीव खालीवर. एकदा दुपारी मी विरजण मागायला गेले तर बाई जिन्याखाली उकिडवी, हातात भरलेला पेला. मला बघून चोरी पकडल्यासारखी दचकली.

"ओतलं न्हाई हो! नुसतं धरलं."

मी पेला घेतला आणि तिच्यासमोर पिऊन टाकला. मग दोघी जिन्याखाली बसून हसलो. "यंदा येणार बघा," ती म्हणाली. "आलं की पहिला फोन दाईमायला. तुम्ही फक्त चांगलं दूध आणून ठेवा." त्या दिवशी तिने फळीवरचा तो कप धुऊन, पुसून परत ठेवला.

होळीच्या आधी सिस्टर गेली. सकाळी दार उघडेना म्हणून मी हाका मारल्या, मग ह्यांनी कडी तोडली. झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. भाचा आला, सगळं रीतीने केलं, सामान आवरायला लागला. ड्रम उचलून म्हणाला, "मावशी, ह्याच्यात तर कायच न्हाई. टाकून देऊ?"

"हात लावशील तर बघ!" मी अशी ओरडले की बिचारा मागे सरला. ड्रम आणि तो कप मी माझ्या घरी आणले. दाईमायला कळवायला हवं होतं. भाच्याने फोन लावला, लागला नाही. रविवारी सिस्टरचा मोबाईल वाजला असणार, पण तो भाच्याबरोबर नांदेडला गेला होता, बंद होऊन. मी नातसुनेचा नंबर त्याच्याकडून मागून घेतला, आणि रोज उद्यावर ढकलत राहिले. काय सांगायचं म्हातारीला?

चैत्र संपत आला होता. सकाळी अंगण झाडताना वास आला. आमच्याकडे त्या दिवसांत वास येतो तो तापलेल्या धुळीचा. वाकून बघितलं तर ड्रमातल्या भेगेतून फूल वर आलेलं. पांढरं, मधे जांभळं. पान नाही, काही नाही. शेजारी आणखी दोन कळ्या. मी झाडू टाकून तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. शेजारी कुंपणापलीकडे कुलूप होतं. हाक मारायला कुणी नव्हतं.

मग फोन लावला. म्हातारीनेच घेतला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तिने विचारलं, "आलं का?"

"आलं," मी म्हणाले.

"लई दिवस बोलली न्हाईस पोरी," ती म्हणाली. मग मला सांगावंच लागलं, की मी पोरगी नाही, शेजारीण आहे. आणि पोरगी आता राहिली नाही.

म्हातारी बोलली, पण या वेळी ओरडून नाही. "येते. शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर ती आली, नातसुनेचा हात धरून. एवढीशी म्हातारी, लुगड्यावर वांतीचे डाग. इस्लापूरहून नांदेड, नांदेडहून अहमदपूर, सगळ्या वाटेत तिला यष्टी लागली होती. पहिलं फूल मिटून गेलं होतं, पण त्या सकाळी दुसरं उमललं होतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ड्रमाजवळ बसली आणि पालथा हात मातीला लावला. डोळे बारीक केले.

मी त्या नव्या कपात चहा आणला. दांडीवर स्टिकर तसाच होता. तिने कप घेतला आणि मांडीशी धरून बसली. शेजारच्या कुलपाकडे बघितलं, फुलाकडे बघितलं.

"घाई केली पोरीनं," ती म्हणाली.