सॉसेज आणायला कोण जाणार

शनिवारी सकाळी जॉन्सनव्हिलच्या मैदानावर आम्ही चौघं दोरीपाशी उभे असायचो आणि समोर शाळेच्या मुली फुटबॉल खेळत असायच्या. खेळ त्यांचा, निकाल आमचा. कोणती मुलगी पुढे जाणार, कोणाला अमेरिकेतलं विद्यापीठ शिष्यवृत्ती देऊन उचलणार आणि कोण इथेच वेलिंग्टनमध्ये अकाउंटन्सी करत रविवारी क्लबात खेळणार, हे आम्ही पहिल्या अर्ध्या तासातच ठरवून टाकायचो. मुलींच्या प्रशिक्षकाला आम्ही कधी विचारलं नाही. त्याला काय कळतंय, यावर आमचं एकमत होतं. आमचं एकमत झालेली ती बहुधा एकच गोष्ट.

आमच्यात सगळ्यात मोठे म्हणजे काका. बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. मैदानाभोवती फेऱ्या मारायला म्हणून यायचे, एकदा सामना बघत थांबले आणि मग फेऱ्या सुटल्या त्या सुटल्याच. दुसरा पुण्याचा आयटीवाला. त्याची स्वतःची मुलगी अजून बालवाडीत होती, पण टीव्हीवर इंग्लंडचं फुटबॉल बघून त्याला जगातलं सगळं फुटबॉल कळत होतं, आणि जे कळत नव्हतं त्यावर तो जास्त ठामपणे बोलायचा. तिसरे डॉक्टर, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे. त्यांची मुलगी संघात उजव्या बाजूने पळायची. चौथी मी, जवळच्याच औषधाच्या दुकानातली फार्मसिस्ट. माझी मुलगी डाव्या बाजूला बचावाला खेळायची. माझा नवरा यायचा नाही. त्याला वारा सोसत नाही आणि ऑफसाइड कळत नाही. तो घरी पोहे करून ठेवायचा, आणि त्याने तेच करावं असं माझंही मत होतं.

आमच्या चर्चेची भाषा काकांची होती. बँकेत असतानाही आणि नंतरही काकांनी हौसेने लग्नं जुळवली होती, त्यामुळे त्यांना प्रत्येक खेळाडूत एक स्थळ दिसायचं. "उंची चांगली आहे, पण पळायला लागली की पोक काढते." "हिचं घराणं खेळाडू, आईने नेटबॉल खेळलंय, डोळे झाकून होकार येणार." एका गोलकीपरचा गुडघा सारखा दुखायचा, तर काका म्हणाले, हिच्या गुडघ्यात मंगळ आहे. आयटीवाला हसून हसून दोरीवर पडला. मी चिडायचे. मुली म्हणजे काय दाखवायला आणल्यात का, असं मी काकांना दोनदा तरी सुनावलं. माझ्या चिडण्याला कारण होतं. लग्नाच्या वयात मी दोन ठिकाणी पोह्यांच्या बशा फिरवल्या होत्या, आणि दोन्हीकडून नकार आला होता. एका ठिकाणी चष्मा आडवा आला, दुसऱ्या ठिकाणी काय आडवं आलं ते कळलंच नाही. नकाराचं एक वेळ चालेल. पण नंतर घरात तो विषयच कोणी काढायचं नाही. बाबा जास्तच प्रेमाने बोलायचे, आई आवडीची भाजी करायची, आणि मला ओरडावंसं वाटायचं की अरे, कोणीतरी काहीतरी बोला. पण हे सगळं असूनही काकांची ती भाषा हळूहळू मलाही लागली. दुसऱ्या सीझनला मीच एका मुलीबद्दल "नाकीडोळी नीटस, पण डोक्याने हेडिंग नाही" असं म्हणून गेले.

आमचा नियम एकच होता, आणि तो भांडणातून आला होता. एकदा काका उजव्या बाजूच्या मुलीबद्दल सांगत होते की पाय हलके आहेत, पण डोकंही हलकंच आहे. डॉक्टर मागेच उभे होते. ती त्यांची मुलगी. त्यानंतर काही शनिवार डॉक्टर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटे उभे राहिले आणि स्वतःच्या थर्मासातला चहा एकट्यानेच प्यायले. शेवटी काकांनीच जाऊन त्यांना हाताला धरून आणलं आणि ठरलं, की ज्याच्या मुलीची चर्चा करायची, त्याने आधी सॉसेज आणायला जायचं. मैदानाच्या कोपऱ्यात पालकांचा स्टॉल असायचा. पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये तिरकं सॉसेज, वर परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस. काका शाकाहारी, त्यांना नुसता कांदा आणि ब्रेड. रांग कायम लांब असायची. चर्चेला तेवढा वेळ पुरायचा. परत आल्यावर काय बोललात हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही.

डॉक्टर बऱ्याचदा जायचे. मला कोणी पाठवायचं नाही. माझी मुलगी तेव्हा चर्चेला घेण्याइतकी नव्हती, हे मला कळत होतं आणि ते कळणं काही सुखाचं नव्हतं.

मग एका शनिवारी तिने डाव्या पायाने अर्ध्या मैदानावरून असा चेंडू मारला की तो नेमका पुढच्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा तसाच. काकांनी दोरीवरचे हात काढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा गं, सॉसेज घेऊन ये."

मला मंगळसूत्र घातलं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, त्यालाही नव्हता. मी रांगेत उभी राहून लांबून तिघांची तोंडं बघत होते. आयटीवाला हातांनी हवेत मैदान काढत होता. डॉक्टर मान हलवत होते, पण होकारार्थी की नकारार्थी हे वाऱ्यामुळे कळत नव्हतं, कारण त्या वाऱ्यात सगळ्यांच्याच माना हलतात. स्टॉलवर सॉसेज परतणारी माओरी आई किया ओरा असा नमस्कार करून मला म्हणाली, आज तुझ्या तोंडावर काय एवढं हसू? मी म्हटलं, कांदा जरा जास्त घाल.

त्यानंतर मी दर शनिवारी रांगेत. त्या बाईला माझी ऑर्डर पाठ झाली. डावखुऱ्या मुली कमी असतात, आणि डाव्या बाजूने बचाव करणारी डावखुरी तर अमेरिकेतल्या संघांना हवीच असते, हे ज्ञान आयटीवाल्याने मला दिलं. मुलगी लहान असताना डाव्या हाताने जेवायची म्हणून मी तिच्या हातावर किती टपल्या मारल्या असतील. बरं झालं, पायाकडे माझं लक्ष गेलं नाही.

शाळा संपायला दीड वर्ष होतं तेव्हा तिच्या खेळाचा व्हिडिओ बघून अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षक बाईंचा मेल आला. मग व्हिडिओवर बोलणं झालं. बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या, आम्हाला तू आवडलीस, हा सीझन पूर्ण कर, मग पुढचं बोलू. मुलगी फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि फ्रीज उघडून नुसतीच उभी राहिली. तिला काय हवंय असं विचारलं तर म्हणाली, "नथिंग. आय जस्ट वॉन्ट इट हीप्स, आई." हीप्स म्हणजे इथल्या पोरांचं खूप खूप. तिला इतकं काही हवंय असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती मागणारी मुलगीच नव्हती. म्हणून मलाही ते हवं झालं, तिच्याइतकंच, किंवा खरं सांगायचं तर जरा जास्तच. त्या विद्यापीठाच्या गावाचं तापमान मी रोज सकाळी बघायला लागले.

ऑगस्टमध्ये, चिखलाच्या मैदानावर, ती वळायला गेली आणि पडली. कोणी ढकललं नाही, कोणी जवळही नव्हतं. पाय चिखलात राहिला आणि ती वळली. तिच्या ओरडण्यावरून डॉक्टरांना कळलं असणार, कारण माझ्या आधी तेच दोरी ओलांडून पळाले. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन, कुबड्या, मग फिजिओ. अमेरिकेच्या बाईंनी छान मेल लिहिला, लवकर बरी हो असा. मग आणखी एक, आधीच्यापेक्षा लहान. त्यानंतर मुलीने पाठवलेल्या मेलला उत्तर यायला फार वेळ लागायला लागला. काकांनी गुडघ्यातल्या मंगळाचा विनोद पुन्हा कधी केला नाही.

पुढच्या वर्षीचा सीझन सुरू झाला तेव्हा मी मैदानावर गेले. घरी राहून काय करायचं? तिघांनी मला जागा करून दिली. आयटीवाल्याने स्वतःहून विचारलं, वहिनी, घरी सगळे कसे आहेत. डॉक्टरांनी चहा ओतून दिला. कोणत्या मुलीचं काय होणार याची चर्चा जोरात झाली. नवीन डाव्या बचावाला काकांनी पार धुऊन काढलं. सामना संपला आणि माझ्या लक्षात आलं, की मला कोणी सॉसेज आणायला पाठवलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग माझं डोकं फिरलं. मध्यंतरात मी न सांगताच निघाले, सगळी रांग उभी राहून काढली, मुद्दाम दोघांना पुढे जाऊ दिलं, म्हणजे यांना भरपूर वेळ मिळावा. सॉसेज घेऊन दबक्या पावलांनी मागून आले. तिघं कांद्याच्या भावावर बोलत होते.

"तिच्याबद्दल बोला ना," मी म्हटलं. "वाईट बोला, पण बोला."

 काकांनी ब्रेड हातात घेतला आणि कांदा आज गोड आहे म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की मी गाडीत जाऊन बसले आणि माझं सॉसेज तिथे एकटीने खाल्लं.

घरी आल्यावर हे सगळं मी मुलीला सांगितलं, हातवारे करून, काकांची नक्कल करून. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "दे डोन्ट टॉक अबाउट मी अॅट ऑल?" मी नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी ती माझ्याबरोबर आली. जाड जॅकेट, पायात जँडल्स म्हणजे नुसत्या रबरी चपला, थंडीने अंगठे निळे. आणि दोरीपाशी उभी राहून तिने चर्चेत भाग घ्यायला सुरुवात केली. आम्हाला वाटत होतं आपण कठोर आहोत. ही पोरगी आमच्या सगळ्यांचा बाप निघाली. कोण चेंडूला घाबरतं, कोण थकल्यावर खोटं लंगडतं, कोण प्रशिक्षकाची लाडकी आहे, सगळं तिला आतून माहीत. काका तिच्यावर खूश झाले. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीबद्दल मात्र ती म्हणाली, शी इज गुड, आजोबा, तुम्ही उगाच बोलता. काकांनी शब्द मागे घेतला. काकांना असं माघार घेताना मी त्याआधी फार पाहिलं नव्हतं.

सीझनच्या शेवटी तिला खेळायची परवानगी मिळाली. दुसऱ्या संघात, शेवटची वीस मिनिटं. आमच्या संघाचा सामना सोडून आम्ही चौघं पलीकडच्या लहान मैदानावर गेलो. ती पळत होती. डाव्या पायाने दोन चेंडू लांब मारले, चांगले मारले. वळायची वेळ आली की मी दोरी घट्ट धरत होते. शिट्टी वाजली, ती चिखलाने माखलेली आमच्याकडे चालत आली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आई, गो गेट द सॉसेजेस."

मी म्हटलं, कोणाची चर्चा आहे?

"माझी," ती म्हणाली.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते थर्मासचं झाकण लावत होते, बराच वेळ लावत होते. मी गेले. नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी रांग नेमकी छोटी होती. माझा नंबर आला तरी मी सॉस घ्यायच्या निमित्ताने रेंगाळले. लांबून दिसत होतं, की आयटीवाला या वेळी हातांनी मैदान काढत नव्हता, खाली बघत होता. डॉक्टर आधी बोलले. त्यांनी वाकून स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, डावीकडे वळून दाखवलं, मग उजवीकडे, दुसऱ्या वेळी सावकाश. तिने काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली, आणि या वेळी वाऱ्यातसुद्धा मला तो नकार कळला. मग काका बोलायला लागले. ती हाताची घडी घालून ऐकत होती, आणि मला सगळं टाकून पळत तिथे जावंसं वाटत होतं. स्टॉलवरच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला आणि न विचारता एक सॉसेज जास्त दिलं.

परत गेले तेव्हा चौघंही समोर बघत होते. मैदान रिकामं होतं. मी सगळ्यांच्या हातात ब्रेड दिले, काकांना कांदा दिला, आणि काहीही विचारलं नाही. विचारायचं नाही म्हणजे नाही. ओठ चावून उभी राहिले.

मुलीने अर्धं सॉसेज खाल्लं. हाताला लागलेला सॉस जॅकेटला पुसला. मग नियम मोडून, आणि एरवी माझ्याशी एखाद्या शब्दापलीकडे बोलत नाही त्या मराठीत, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली,

"आजोबा म्हणाले, स्थळ गेलं. पण मुलीत खोट नाही."

मी काकांकडे पाहिलं. काका कांदा खात होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. मला रडू आलं, उघडउघड, नाक पुसायलाही काही नव्हतं तेव्हा ब्रेडभोवतीचा कागदी रुमाल घेतला. ती मात्र रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी मला मोकळं काहीतरी दिसलं. तिने माझ्या हातातलं जास्तीचं सॉसेज काढून घेतलं, दोरीवर रेलली आणि पलीकडच्या मैदानावर सराव करणाऱ्या लहान मुलींकडे बोट दाखवून काकांना विचारलं, ती तिसरी, वेणीवाली, तिचे आईबाबा इथे कुठे नाहीत ना?